मापकाचा माणूस

रोज सकाळी सहाला मी नळकांडं उघडतो
आणि येंडीवर रात्री जे पडलं असेल
ते मिलिमीटरमध्ये लिहून काढतो.
काम सोपं आहे. डोळा पाण्याच्या रेषेला समांतर,
बोटं कोरडी.

सनातू, माझी चुलतबहीण, बावीस किलोमीटरवर राहते.
सहा एकर. बाजरी, चवळी, कडेला भुईमूग.
बाजरीनं तिला कधी पत्र्याचं घर दिलं नाही
आणि कधी कुणाच्या दारात उभं केलं नाही.
मका भरभरून देतो, पण मका रुसतो.
तुरा येताना दहा दिवस पाणी चुकलं
की पेरलेलं बीही परत येत नाही.
म्हणून मका अर्धा एकर,
थंड पाण्यात आधी अंगठा बुडवावा तसा.

मग विमावाल्यांचा पोरगा आला मोटारसायकलवर.
पाऊस कमी पडला तर पैसे आम्ही देऊ, म्हणाला.
कमी पडला हे कोण ठरवणार?
त्यानं माझं नाव सांगितलं.
"म्हणजे घरचंच की," सनातू हसली.
अकरा गिनीकोंबड्या विकून हप्ता भरला
आणि त्या साली
चार एकर मका.

ऑगस्टात तुरे आले.
अठराच्या रात्री येंडीवर ढग फुटला.
तिच्याकडे वारा सुटला, विजा दिसल्या,
लोकांनी अंगणात बादल्या मांडल्या,
सकाळी बादल्यांत कडुनिंबाची पानं.

मी नळकांडं हातात धरून उभा राहिलो.
ओतून दिलं असतं तर
बघायला एक बकरी होती फक्त.
वहीत लिहिलं: ३१.४

कंपनी वहीप्रमाणे वागली.
वहीत दुष्काळ नव्हता.

भांडायला ती आली नाही. आली असती तर
मला काहीतरी बोलता आलं असतं.
ईदला आली, पोरांना घेऊन,
पिशवीत भुईमुगाच्या शेंगा.
यंदा काय पेरतेस, मी विचारलं.
"बाजरी. चवळी.
मका पाव एकर, पोरांना भाजून खायला."

मग कुंपणाशी गेली,
बराच वेळ नळकांड्याकडे बघत राहिली.
"याच्याभोवती किती जागा आहे रे?
पाऊस इथंच पडतो,
तर मका इथंच लावू का?"

ती गेल्यावर मी मोजली.
चारी बाजूंना बारा पावलं, काळी, मऊ.
नियमानं तिथं काहीही लावायला मनाई आहे.