कल्ला

आई हर्णैच्या बंदरावर बोट घालून कल्ला उचलायची.
लाल म्हणजे ताजा; पुढे विचारायचं नाही.
मी सित्र्याच्या प्रयोगशाळेत चिमट्याने तेच करते
आणि कल्ला लालच असतो, दर वेळी.

बाहेर सेहेचाळीस डिग्री. खाडीचं पाणी मिठाने जड.
तापल्या पाण्यात प्राणवायू थोडा,
म्हणून मासा भराभर श्वास घेतो,
आणि विषाला वेगळं दार लागत नाही.

तेलातलं हलकं असतं ते उडून जातं,
दोन दिवस वास, मग तोही नाही;
लोक म्हणतात, झालं साफ.
जड ते गाळात जाऊन बसतं.
शिसं चुन्याचं सोंग घेऊन हाडात शिरतं,
पोटभाडेकरूसारखं, एकदा आलं की निघत नाही.
पारा मात्र वर चढत राहतो:
शेवाळातून झिंग्यात, झिंग्यातून लहान माशात,
तिथून हामूरमध्ये,
दर पायरीला आधीच्यांचं सगळं जमेला धरून.

मला शिंपलीचं वाईट वाटतं.
खडा आला तर ती गुंडाळत बसते, थरावर थर,
आणि आपण त्याला मोती म्हणतो.
कॅडमियमला गुंडाळायचं कसं
तिला कुणी शिकवलेलं नाही.

गुरुवारी हाजी मक्की मागच्या दाराशी येतात.
तारेच्या गरगूरमध्ये सापडलेला हामूर,
माझ्या हाताएवढा. तपासायला थोडा, उरलेला घरी.
सून आठव्या महिन्यात आहे, तिच्यासाठी.

आकडा मर्यादेच्या जरा वर.
मी मोडक्या अरबीत सांगते: मोठा नको तिला.
साफी द्या. लहान. सगीर.
ते माझ्याकडे बघत राहतात.
अशा दिवसांत सुनेला लहान मासा वाढायचा?
मग वाकून अंगठ्याने कल्ला उचलतात:
हे बघ. लाल आहे.

मला आईचा अंगठा दिसतो.
काय बोलायचं ते सुचत नाही, म्हणून मी बर्फ आणते.
मासा ते घेऊन जातात की नाही, मी बघत नाही.

सात वर्षं झाली मला इथे.
दर शुक्रवारी हामूर, कोकमाच्या आगळातला,
दुपारी झोप लागेपर्यंत जेवलेला.

संध्याकाळी सगळे गेल्यावर
मानेजवळची एक बट कापते, मुळापासून.
केसात पारा महिन्यामहिन्याने लिहिला जातो,
साधारण सेंटिमीटरला एक महिना.
बाटलीवर पुढचा नंबर टाकते: बेचाळीस.
प्रजातीच्या रकान्यापाशी
पेन थोडा वेळ थांबतं.