डोळं!

उद्यमनगरात, तिसऱ्या गल्लीत,
रॉड टेकवायच्या आधी दस्तगीरचाचा ओरडायचा:
डोळं!
एवढंच.
चहाची किटली घेतलेलं पोरगं, ट्रॉलीचा मालक,
समोरच्या सावलीतलं कुत्रंसुद्धा
मान फिरवायचं.
(कुत्र्याचं कुणाला पटत नाही. मी बघितलंय.)

पहिल्या दिवशी मी सर्टिफिकेट घेऊन गेले.
त्यानं ते बघितलंच नाही.
पाय बघितले.
"ही चप्पल जोतिबाला घालून जा.
ठिणगीला बोटांतली फट लगेच घावते."
मग माझ्या चमकत्या कुर्तीची बाही चिमटीत धरून:
"हे जळत नाही पोरी, वितळतं.
निघताना कातडी घेऊन निघतं."

तीन दिवस होल्डर हातात दिला नाही.
फरशी पुसायला लावली.
कोरडी. अजून कोरडी.
पायाखालची फळी उन्हात, हातमोजे उलटून उन्हात,
आणि केबल चाचपायची मशीनपासून होल्डरपर्यंत
बोट-बोट,
आई माझ्या केसांत उवा शोधायची तशी.
"जाळ दिसतो म्हणून माणूस जाळाला भितो.
करंट कुठं दिसतोय?"

चौथ्या दिवशी मी चोरून बघितलं.
काचेशिवाय. पापणी लवेस्तोवर, तेवढंच.
इतकं पांढरं काही मी आधी बघितलं नव्हतं,
नंतरही नाही.

रात्री दोनला डोळ्यांत पंचगंगेची सगळी वाळू.
आई बटाट्याच्या चकत्या ठेवतेय,
शेजारीण भिंतीपलीकडून दूध सांगतेय,
मी रडतेय, आणि रडल्यानं जास्तच टोचतंय.
सकाळी चाचानं मला डॉक्टरकडे नेलं.
रागावला नाही.
रिक्षात फक्त आपला उजवा डोळा दाखवला,
नासलेल्या दुधासारखा.
"एकच टाका होता," म्हणाला.
"म्हटलं, एका टाक्याला कशाला काच."
मग आयुष्यभर असे एकेकच टाके.

सुभाषनगरच्या धोंडीराम सातपुत्यांनी
चपलांच्या उरल्यासुरल्या चामड्यातून
माझा एप्रन शिवला.
माप घेताना हसले:
एवढी मोठी चप्पल पहिल्यांदाच शिवतोय.

गळिताच्या तोंडावर एकजण डिझेलची टाकी घेऊन आला.
रिकामीच आहे, पाच मिनिटांचं काम, दुप्पट देतो.
चाचानं तोंडाशी नाक नेलं.
"रिकामी म्हणूनच नको. आत वास बसलाय.
धुऊन आण, मग काठोकाठ पाणी भरू, मग बघू."
तो शिव्या घालत दुसरीकडं गेला.
दुसरीकडचं मी इथं लिहिणार नाही.
आवाज शाहूपुरीपर्यंत गेला होता.

आता शेड माझं आहे.
दार दोन्ही बाजूंनी उघडं, धूर जायला,
जस्ताचा पाइप आला की पंखा माझ्या पाठीकडून,
वाळूची बादली हाताशी,
आणि शेजारच्या शाळेच्या बाजूला जाड पडदा,
कारण पोरांना सांगून कळत नाही,
मलाही कळलं नव्हतं.

चाचा दुपारी येऊन खुर्चीत बसतो.
दुसरा डोळाही आता सावल्यांपुरताच.
मी हेल्मेट खाली ओढते,
ओरडते:
डोळं!
आणि तो मान फिरवतो.
मग मी रॉड टेकवते.
पहिला कधीकधी अजून चिकटतोच.
तो तिकडं तोंड करून म्हणतो,
"घाई."