वापसी

ट्रक भरून गेला की ओट्यावर उरतात
आखूड बोटांचे, डागाळलेले, उन्हानं पोळलेले फणे.
सावद्यात या मालाला नाव आहे: वापसी.
भावाच्या पाटीवर नवतीच्या खाली लिहितात,
निम्म्याहून कमी आकड्यात.
मी त्यातले चार फणे उचलते. पैसे पुढे केले तर
निनूभाऊ फेगडे म्हणतात,
"राहू दे व माय, ढोरायलेच टाकतो मी हे."

मे महिन्यात आमची गच्ची म्हणजे तवा.
भट्टी आभाळातच लागलेली, सहापर्यंत विझत नाही.
कुरडया आता कुणी मागत नाही घरात,
तेव्हा तो पत्रा मोकळा.
त्यावर जुनं धोतर, धोतरावर केळ्याच्या चकत्या.
दोन दिवसांत आक्रसून रुपयाएवढ्या,
तपकिरी, चिवट, दातांना काम देणाऱ्या.

ग्रॅनोला हा शब्द भाचीनं पुण्याहून आणला,
साडेचारशे रुपयांच्या पुड्यात.
भावानं एक मूठ तोंडात टाकली.
"चिवडाच आहे. मिरची विसरलेत."
मी पुड्याची मागची बाजू वाचली.
ओट्स, थोडे बदाम, मनुका चार,
बाकी सगळे शब्द.

मग मीच कालवलं, सगळं एकदम.
ओट्स भुसावळच्या दुकानातले, ज्वारीचे पोहे घरचे,
शेंगदाणे अर्धे ठेचून, अर्धे अख्खे,
अक्रोड मोजून सोळा,
चारोळी आणि मध रेमलीबाईकडून. ती पालहून येते,
बाटलीत एखादी मधमाशी अजून बुडालेली असते,
त्याचे पैसे वेगळे घेत नाही, असं ती सांगते.
तीळ, दालचिनी, चिमूटभर मीठ.
मनुका. खारीक. सुकेळी.

घरात ओव्हन नाही.
परात घेऊन इसाकभाईंच्या बेकरीत गेले,
दिवाळीत आख्ख्या आळीची नानकटाई जिथं भाजते.
टोस्ट निघाल्यावर भट्टीत जी धग उरते
ती फुकट.

वीस मिनिटांनी परात बाहेर आली.
दाणे सोनेरी, पोहे कुरकुरीत,
आणि मनुका फुगून काळ्या ठिक्कर,
सुकेळीचा दगड.

इसाकभाईंनी लांब दांड्याचं फावडं भिंतीला टेकवलं.
"ताई, मेवा नंतर टाकायचा. परात थंड झाली की मग.
एकदा सुकलेल्याला परत आग दाखवायची नाही."

मी जरा वेळ तशीच उभी.
पिशवीत फोन वाजत होता. जळगावचा नंबर, दिरांचा.
महिन्यातून एकदा वाजतो.
झालं गेलं वहिनी, एकदा येऊन तर बघा.
अकरा वर्षं.
"फार मोठं बोललात तुम्ही," मी म्हटलं.
"मोठं कसलं? मनुका कडू होते ना."
आणि ते पावाच्या पिठाकडे वळले.

दुसऱ्या खेपेला गूळ कमी, शेंगदाण्याचं तेल दोन पळ्या,
मधेच एकदा उलथणं फिरवून.
गरम असताना मऊच लागतं, वाटतं फसलं.
कुरकुरीतपणा गार होताना येतो,
तोवर हात लावायचा नाही. मी लावला, दोनदा.
मग ओंजळीनं सोडल्या वरून
मनुका, खारकेचे काप, चकत्या.

रेमलीबाईनं चाखून सांगितलं, चारोळी कमी आहे.
ती सांगणारच.
निनूभाऊंनी चकती उजेडात धरली.
"कुठलं व हे केळं? बाहेरचं?"
"तुमच्याच ओट्यावरचं."
त्यांनी आणखी एक घेतली, बोलले काही नाहीत.

सकाळी वाटीत थंड दूध, वर दोन मुठी.
दूध शिरताना बारीक तडतड होते,
ती ऐकायला मी वाटीशी कान नेते.
भाऊ म्हणतो, तिखट करून बघ एकदा.
फोन वाजतो.
तोंडात घास आहे.
सुकेळी चावायला वेळ लागतो.