छत्तीसचा पाना

दारव्ह्याच्या दुकानात
त्यानं एका बोटानं ढकलली लाल ट्रॉली.
गुळगुळीत फरशीवरून सरसर गेली
पार गल्ल्यापर्यंत.

मी वाकून चाकं पाहिली.
सुपारीएवढी.
आमचं आंगण काळ्या मातीचं, भाऊ,
तिथं बैलाचा खूर रुतते.

मग थैलीतून काढला
एसटीत मांडीवर घेऊन आणलेला छत्तीसचा पाना,
खालच्या कप्प्यात आडवा ठेवून पाहिला.
दोन बोटं बाहेर.
"त्याले राहू द्या ना बाहेरच," दुकानदार म्हणे.

पंचफुलानं विचारलं, आणली?

रात्री लाईन गेली, बेअरिंग अर्ध्यात.
अंधारात हात लांबवला:
तिसरा खिळा,
पाना तिथंच.

तरी सकाळी बाभळीच्या फळीवर
कप्पे आखत बसलो. खालचा लांब.
चाकं लुनाचीच बसतील.
पण लुना अजून चालते.