लाइनदोरी

बिबट्यानं कुत्रं नेलं, त्याच आठवड्यात
मी बल्ब लावले.
दोन शेड, मधे टेम्पो जाईल एवढी वाट,
दोन्ही वळचणींना चौदा-चौदा, साठ वॅटचे,
बारा-बारा फुटांवर.
हे म्हणाले, कोंबड्यांना काय कळतंय, लाव कसेही.
मी गवंड्याकडून लाइनदोरी मागून आणली.
शिक्रापूरच्या रस्त्यावर उभं राहून बघितलं तर
एक बल्ब दुसऱ्यामागे लपायचा.

माळाच्या पलीकडं विमान चालवायला शिकवतात.
मंगळवारी, शुक्रवारी रात्री
ती डोक्यावरून जायची शिलाई मशीनसारखी,
कोंबड्या एकदम माना वर करायच्या,
मग खाली.
सवय झाली होती. त्यांनाही, मलाही.

त्या शुक्रवारी आवाज थांबला.
नाही, थांबला नव्हता, बारीक केला होता,
दारात आल्यावर माणूस पाय हळू टाकतो तसा.
मग पाण्याची टाकी गेली,
मग डाव्या शेडचे पत्रे, जाळी,
आणि पिसं.
पिसं किती वेळ खाली येत होती.

उजव्या बाजूचे बल्ब तरीही चालू.

पोरगं बाहेर फेकलं गेलेलं, खुर्चीच्या पट्ट्यासकट.
सात्त्विक देवणीकर, लातूरचा, वय वीस,
हे नंतर पेपरात वाचलं.
पेट्रोलचा वास, त्यात फुटलेल्या अंड्यांचा.
मानेखाली हात घातला तसं
त्यानं डोळे न उघडता विचारलं,
मावशी, रनवेच आहे ना हा?

मी म्हटलं, हो.

हो बाळा, बरोबर उतरलास.

वाघोलीपर्यंत होता, अँब्युलन्सवाला म्हणाला.
ससूनला पोचेतो नव्हता.

चौकशीला तिघं आले. टेप धरली,
होल्डर मोजले, परत मोजले.
धावपट्टीचे दिवे त्या रात्री गेले होते म्हणतात,
गेले नव्हते असंही म्हणतात.
चष्मेवाल्या साहेबानं विचारलं,
इतकं सरळ कुणी लावलं?
मी, म्हटलं.
त्यानं ते लिहून घेतलं.
मग विचारलं, मुलगा काही बोलला?
चहा गाळता गाळता मी म्हटलं, नाही.

आता बल्ब वाकडे लावलेत.
एक वर, एक खाली, मधेच एक लाल,
मांडव काढताना राहून गेलेल्या माळेसारखे.
डोळ्याला खुपतं. येणारेजाणारे हसतात.
दोरी अजून खिळ्याला आहे, गवंडी न्यायला आला नाही,
मीही पाठवली नाही.

तरी मंगळवारी आवाज आला की मेन स्विच पाडते
आणि काठी घेऊन शेडच्या तोंडाशी उभी राहते.
अंधारात माना वर होतात,
दिसत नाहीत, पण कळतं.
उसात काहीतरी सळसळतं. तो असेल. वारा असेल.
विमान वरून जातं, माळाकडं,
बारीक होत होत.
चाकं टेकल्याचा आवाज इतक्या लांबून
येत नाही खरं तर.
तो ऐकल्याशिवाय
मी स्विच वर करत नाही.