र, भ, प्रे, वि

भुसावळला, जामनेर रोडवर, पिठाच्या गिरणीला चिकटून
आमचं दुकान होतं. पुस्तकं भाड्याने, रोजचे आठ आणे.
गिरणीमुळे सगळ्यावर पीठ बसायचं,
खुनावर, चुंबनावर, सारखंच.

अण्णा प्रत्येक पुस्तकाला खाकी कव्हर घालायचे
आणि पाठीवर निळ्या शाईने अक्षर.
र म्हणजे रहस्य. भ म्हणजे भय. प्रे तर कळतंच.
वि फक्त अकरा होती, विज्ञानाची,
त्यांना गिऱ्हाईक एकच.
चित्रातल्या बाया दिसू नयेत म्हणून कव्हर,
असं मला वाटायचं.
अण्णा म्हणायचे, नाही गं, घामासाठी.
मे महिन्यात भुसावळचा माणूस पुस्तक धरतो
तर बोटं रंगून जातात.

झोपे हेडमास्तर दर शनिवारी दोन प्रे न्यायचे.
"हिला लागतात," म्हणायचे, छत्री उघडता उघडता.
तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.
रजिस्टर माझ्याकडे. कुणाच्या नावावर, मी विचारलं.
अण्णांनी मान वर न करता सांगितलं,
लिही, सौ. झोपे.
परत आलेल्या एका पुस्तकात
लग्नाच्या मागणीतला एक ऱ्हस्व लाल पेनने दीर्घ केलेला,
आणि खाली, अगदी बारीक:
असं बोलायला हवं होतं.

रमजान तडवी, मालगाडीचे ड्रायव्हर. फक्त भ.
काका, रात्री इंजिनात भीती नाही वाटत?
मी दहा वर्षांची होते, विचारून बसले.
"पोरी, रुळावर जे येतात ना, ते परत येत नाहीत.
भूत म्हणजे निदान कोणी परत तरी येतं."
मग त्यांनी पाच पैशांची दहा नाणी
एकेक करून काउंटरवर मांडली.

वि न्यायचा तो देवचंद,
सावद्याला वॅगनमध्ये केळी भरणारा.
तेच एक पुस्तक, सात वेळा, बर्फाच्या ग्रहाचं.
बाहेर सत्तेचाळीस. डांबर चपलेला चिकटतंय.
"तिथं श्वास गोठतो, ताई, आन् खाली पडतो. टिक्."
केळीच्या चिकाने पानं काळी पडली होती,
ग्रह चांगलाच मळला होता.

र एकशे सत्तेचाळीसची शेवटची चार पानं
दिवाळीच्या सुमारास कुणीतरी फाडून नेली.
अण्णांनी पुस्तक काढून टाकलं नाही.
विचारत येणाऱ्याला ते
काउंटरवरून वाकून हळूच सांगायचे.
रेल्वे दवाखान्यातल्या सिस्टर रोझलिनला: दीर.
तिने मान डोलावली, मला दुसऱ्या पानावरच कळलं होतं.
फालक वकिलांच्या कारकुनाला: वकील.
तो इतका खूश झाला की सुटे घ्यायचे विसरला.
आणि पोस्टातल्या इंदूताई भारंबेंना,
ज्यांचे मालक तापीच्या पुलाखाली सापडले होते,
अण्णा म्हणाले, कुणीच नाही हो. पाय घसरला त्याचा.
त्या बराच वेळ उभ्या राहिल्या.
गिरणी चालू होती, त्या काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

मग खरा खुनी कोण, मी रात्री विचारलं.
"मले काय माहीत? मी कुठं वाचलंय.
शेवट चार पानांचा असतो.
भाडं आपण दोनशे पानांचं घेतो."

दुकान गेलं. गिरणी आहे.
मी जळगावला असते, झोप येईना की मोबाईलवर खून वाचते,
खुनी सापडतो, तरी दिवा लवकर बंद होत नाही.
रजिस्टर माझ्याकडेच आहे.
सौ. झोपे, सौ. झोपे, सौ. झोपे, पानामागून पान.
एक ओळ अजून उघडी:
भ बत्तीस, र. तडवी, दोन जून.
इटारसीला बदली झाली म्हणे, पुस्तकासकट.
"परत" या रकान्यात काही नाही.
बोट फिरवलं तर थोडं पीठ लागतं.