कितीला पडलं?

व्होरू गावात, एस्टोनियाच्या दक्षिण टोकाला,
आमचा शाळेच्या खुर्च्यांचा कारखाना.
मी हिशेबाला. समोरच्या टेबलावर आइवे,
खरेदीला.
आडनाव कोइव. इथल्या बोलीत कोइव म्हणजे भूर्ज,
ती जे विकत घेते तेच झाड.
या विनोदावर आता कोणी हसत नाही.

मार्चमध्ये प्लायवूडची तीन दरपत्रकं आली.
नियम भिंतीवर आहे, चौकटीत बसवलेला:
ज्याचा दर सर्वांत कमी, त्याचा माल.
तिसऱ्याचा अकरा टक्क्यांनी कमी,
कागद जाड, कोपऱ्यात हिरव्या पानाचा शिक्का.
मी म्हटलं, कर सही, जेवायला जाऊ.
तिनं त्याला एका ओळीचं पत्र लिहिलं:
लाकूड कुठल्या रानातलं? गट नंबर कळवा.

उत्तरात गुळगुळीत माहितीपुस्तिका आली,
मुखपृष्ठावर हरीण.
तिनं पुन्हा विचारलं.
उत्तर: आम्ही पर्यावरणरक्षणासाठी कटिबद्ध आहोत.
तिसऱ्यांदा विचारलं तर फोनच आला,
माणूस गोड बोलत होता, बाई, तुम्ही पहिल्याच,
आजवर कोणी विचारलंच नाही हो.
ती म्हणाली, तेच तर.
चौथ्या खेपेला आकडा आला,
वैतागून दिलेला, म्हणून खरा.

शनिवारी तिनं स्वतःची गाडी काढली.
राईचा पाव, काकडीचं लोणचं, थर्मास.
मी बरोबर गेलो, खरं तर बघायला
की ही बाई किती लांब जाते.
दलदलीच्या कडेला रस्ता संपला, रानही.
पुढे नुसते बुंधे,
प्रत्येकावर वितळलेल्या बर्फाचं बोटभर पाणी
आणि त्यात ढग, जेवढा मावेल तेवढा.
एक पाइन तेवढा ठेवला होता,
त्यावर काटक्यांचा मोठा ढीग.
काळ्या करकोच्याचं घरटं, ती म्हणाली,
एप्रिलात येतात, जुन्याच पत्त्यावर.
आडोसा म्हणावा असं काही उरलं नव्हतं.
ती उकिडवी बसून एका बुंध्याची वलयं मोजू लागली.
सत्तरच्या पुढे बोट घसरलं.
नाक पुसून उठली. थंडी होती.

सोमवारी मालक, वांबोला, यांनी सगळं ऐकलं.
माणूस वाईट नाही. एवढंच विचारलं,
अकरा टक्के म्हणजे किती पगार, हिशेबनीस?
मी म्हटलं, दोन. वर्षाचे.
बाहेर करवत चालू होती, ती ऐकत बसलो.
मग म्हणाले, आणि तो महागवाला?
त्याचं रान पाहिलंस?
पाहिलं. काल.
म्हातारा आहे. झाडाला खडूनं खूण करतो,
मग आठवडाभर ये-जा करतो,
कधी कधी खूण पुसून टाकतो.

सही महागवाल्यावर झाली.
खुर्ची दीड युरोनं वाढली.
एका नगरपालिकेनं ऑर्डर मागे घेतली,
त्यांच्याही भिंतीवर तीच चौकट.
झळाळीचं वार्निश आम्ही बंद केलं, पैसे तिथे वाचवले;
विक्रीवाले म्हणतात, खुर्च्या आंघोळ न केल्यासारख्या दिसतात.
कोणाची नोकरी गेली नाही. अजून तरी.
वांबोलांनी नवी गाडी पुढच्या सालावर टाकली
आणि दर शुक्रवारी त्याची आठवण करून देतात.

माझ्या वहीत एक रकाना आहे: कितीला पडलं.
एकतीस वर्षं भरतोय.
त्या शब्दात काहीतरी पडतं,
फांद्या मोडत, पक्षी उडवत, जमिनीपर्यंत,
हे कानाला आत्ता कळलं.
आकडा लिहिताना हल्ली मी जरा थांबतो.
त्यानं बेरजेत काही फरक पडत नाही.

करकोचे आले का, माहीत नाही.
विचारायचं धाडस झालं नाही.
आइवे समोर बसून पत्र लिहितेय,
या वेळी गोंदवाल्याला.
एकाच ओळीचं.